रमण्यापासून व्हाइटबोर्डापर्यंत: नाकारलेल्यांचे दफ्तर

१/
गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ उमरग्याहून रात्रीच्या बसने पुण्याला गेला, मुलाखत दिली आणि दुसऱ्या रात्रीच्या बसने परत आला. पद होते सॉफ्टवेअर अभियंत्याचे. पाऊण तासाच्या मुलाखतीत मुख्य प्रश्न एकच: व्हाइटबोर्डावर एक 'बायनरी ट्री' उलटा करून दाखवा. म्हणजे माहितीची झाडासारखी मांडणी घ्यायची आणि तिच्या डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल करायची. तो अडखळला. आठवड्याने दोन ओळींचा ईमेल आला. निवड झालेली नव्हती. कारण दिलेले नव्हते.

२/
याच मुलाने गावातील एका कृषी सेवा केंद्रासाठी उधारीचा आणि मालाच्या साठ्याचा हिशेब ठेवणारी प्रणाली एकट्याने लिहिली आहे. वीज गेली, इंटरनेट गेले तरी नोंद हरवत नाही. दोन खरीप हंगाम ती चालली आहे. दुकानदार चुका दाखवतो, हा दुरुस्त करतो. मुलाखतीत या कामाविषयी एकही प्रश्न आला नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, त्यांनी मला तपासलं, पण मी जे करतो ते नाही तपासलं."

३/
मी इतिहासाची विद्यार्थिनी. कोडिंग मला येत नाही. परंतु 'शंभरांतून योग्य माणूस कसा ओळखावा' हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे आणि त्याची उत्तरे शोधताना माणसांनी केलेल्या चुकाही तितक्याच जुन्या आहेत. या थ्रेडमध्ये आपण शिवकालीन जामिनापासून पेशव्यांच्या रमण्यात, तेथून लंडनच्या परीक्षागृहात आणि निजामाच्या कचेरीत जाऊ, आणि शेवटी त्या व्हाइटबोर्डापाशी परत येऊ.

४/
आरंभ शिवकाळापासून. शिवाजी महाराजांच्या सैन्यभरतीविषयी ग्रँट डफ लिहितो की, महाराज भरतीस आलेल्या माणसाची स्वतः पाहणी करीत, आणि जो परिचयाचा नसेल त्याच्या निष्ठेबद्दल व वर्तनाबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या कुणाचा तरी जामीन घेत.

आजच्या कंपन्यांत यालाच 'रेफरल' म्हणतात. आपला कर्मचारी ओळखीच्या माणसाचे नाव सुचवतो. रीत तीच आहे, पण एक फरक मोठा आहे.

५/
जामीन राहणारा माणूस बांधील असे. नवा शिपाई बेइमान निघाला तर त्याचा जाब जामिनाला द्यावा लागे. आजच्या रेफरलमध्ये बहुधा उलटे असते: सुचवलेला माणूस रुजू झाला की सुचवणाऱ्याला बक्षीस मिळते आणि पुढे तो कसा निघाला याची झळ त्याला लागत नाही.

शिवाय ओळख ज्याची त्याचाच जामीन मिळतो. ज्याच्या गावातून, ज्याच्या घरातून आजवर कुणीच त्या नोकरीत गेले नाही, त्याच्यासाठी जामीन कोण राहणार? ओळखीच्या भरतीची ही त्रुटी तीनशे वर्षांत बदललेली नाही.

६/
मग ओळखीऐवजी परीक्षा घ्यावी, हा विचार पुढे येतो. त्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे पेशव्यांची श्रावणमासातील दक्षिणा. ही प्रथा आधी तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि त्यानंतर ती पुण्यात पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्याच्या आवारात दूरदूरचे हजारो ब्राह्मण जमत. विद्वत्तेचा दावा करणाऱ्यांची शास्त्री मंडळी परीक्षा घेत आणि अधिकारानुसार दक्षिणा ठरे.

७/
या रमण्याची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. रामशास्त्री प्रभुणे यांचे बंधू दक्षिणेसाठी आले. नाना फडणवीस शेजारीच होते. शास्त्र्यांचे बंधू म्हणून त्यांना अधिक रक्कम द्यावी, असे नानांनी सुचवले. रामशास्त्री म्हणाले, यांची विद्या इतरांइतकीच आहे, तेव्हा दक्षिणाही इतरांइतकीच द्यावी. भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी घरून देईन.

गोष्ट अक्षरशः घडली असेल वा नसेल. लोकांनी ती जपून ठेवली, यावरून वशिल्याची शंका त्या काळीही किती खोल होती हे कळते.

८/
परंतु रमण्याचा खरा दोष वशिला नव्हता. परीक्षक प्रामाणिक असते तरीही तो उरला असता. तेथे वेद पाठ आहेत का, न्याय-व्याकरण-धर्मशास्त्र येते का, एवढेच पाहिले जाई. परीक्षकांना जे येत होते तेच उमेदवाराला येते का, याची ती तपासणी होती. प्रवेश एकाच वर्णाला. मराठीत काही उपयुक्त लिहिणारा, यंत्र दुरुस्त करणारा, शेतीचे पाणी वळवणारा माणूस त्या चाळणीपर्यंत पोहोचतच नसे.

चाळणी स्वच्छ असून भागत नाही. तिची छिद्रे कुणी पाडली, हेही विचारावे लागते.

९/
१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार कंपनी सरकारने दक्षिणा मर्यादित स्वरूपात चालू ठेवली आणि त्याच निधीच्या आधारे १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. मग १८४९ च्या सुमारास पुण्यात एक धाडसी मागणी झाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सुधारक मित्रांनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशांचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून द्यावा आणि त्याला जातीची अट नसावी.

१०/
या मागणीचे मोल आजच्या भाषेत सांगायचे तर असे: 'पाठांतर म्हणून दाखव' या कसोटीच्या जागी 'काम करून दाखव' ही कसोटी आली. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात जिला कामाचा नमुना पाहणे म्हणतात, तीच ही.

पुण्यात खळबळ माजली. सुधारकांवर हल्ला होईल अशी हवा होती. तेव्हा जोतीराव फुले आपल्या साथीदारांसह त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मागणी मान्य झाली आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. कसोटी सुधारली.

कथा येथेच संपली असती तर फार बरे झाले असते.

११/
१८५५ मध्ये त्याच जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठवले. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहपीडेची भीती घालून जोशीबुवा नवरा-बायकोला कसे लुबाडतात आणि शेवटी ते जोडपे शिकायचे कसे ठरवते, अशी ती कथा. आधुनिक मराठी नाटकाच्या अगदी आरंभकाळातील ही रचना.

कमिटीने नाटक नाकारले. पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) फुल्यांनी त्याची नोंद केली: कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही.

१२/
येथे या थ्रेडचा कणा आहे, म्हणून थोडे थांबू.

कसोटी बदलली होती, परीक्षक बदलले नव्हते. 'काम करून दाखव' म्हटले तरी कोणते काम 'चांगले' हे ठरवणारी माणसे तीच होती. 'तृतीय रत्न' छापील स्वरूपात वाचकांसमोर यायला १९७९ उजाडले. तब्बल १२४ वर्षे.

आणि हा नकार आपल्याला ठाऊक आहे तो केवळ नाकारलेल्याने तो स्वतः लिहून ठेवला म्हणून. त्या कमिटीने आणखी किती जणांना परत पाठवले असेल! ज्यांनी लिहून ठेवले नाही, ते इतिहासातून गेले.

१३/
आता लंडनला जाऊ, कारण आधुनिक नोकरभरतीची परीक्षा तेथे घडली, आणि गंमत म्हणजे एका कंपनीसाठीच घडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत. १८५३ च्या कायद्याने ही शिफारस बंद झाली. मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये स्पर्धा परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. वशिल्यावर हा खरा घाव होता, हे मान्य केलेच पाहिजे.

१४/
मेकॉलेचा युक्तिवाद लक्षात ठेवा: नोकरीत काय करायचे ते विचारू नका, तरुणपणी जो कोणत्याही विद्येत पुढे असतो तो पुढे कोणत्याही कामात पुढे राहील. 'आम्ही ज्ञान नव्हे, बुद्धी तपासतो' असे आजच्या कंपन्या कोड्यांविषयी म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

पण ती 'कोणतीही विद्या' कोणती? गुणांची वाटणी पाहा. ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०. संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. राज्य करायचे हिंदुस्थानावर आणि दुप्पट गुण अथेन्स-रोमच्या भाषांना! बुद्धी मोजण्याच्या नावाखाली परीक्षकांची शाळाच मोजली जात होती.

१५/
अटींचेही तसेच. १८६९ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता यांच्यासोबत आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर ही परीक्षा उत्तीर्ण झाले. मग सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून काढून टाकण्यात आली. आपल्याकडे 'सोळावे लागले' म्हणजे सोळा, ही मोजण्याची रीत. इंग्रजांची पूर्ण झालेल्या वर्षांची. मोजमापातील हा फरक म्हणजे लबाडी ठरली. न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा दोघांना परत घेतले.

१८७६ मध्ये तर कमाल वय २१ वरून १९ करण्याचे ठरले. हिंदुस्थानातून लंडनला जाऊन परीक्षा देणाऱ्यासाठी दार जवळजवळ मिटलेच.

१६/
आणि आमचे उमरगा? १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १८८० च्या दशकापर्यंत तेथील राज्यकारभाराची भाषा फार्सी, त्यानंतर उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण आमच्या घरांत बोलली जायची मराठी, आणि सीमेमुळे कन्नड. कचेरीत जागा हवी तर आधी परकी भाषा जिंकायची, मग हुशारी दाखवायची.

आजही येथला मुलगा मुलाखतीत आधी इंग्रजीशी झुंजतो आणि उरलेल्या श्वासात कोड समजावून सांगतो.

१७/
विसाव्या शतकात भरतीला विज्ञानाचा मुलामा मिळाला. १९२१ मध्ये थॉमस एडिसन नोकरीच्या उमेदवारांना दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी देत असे: फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागून आहेत, अशा धर्तीचे प्रश्न. यादी वृत्तपत्रांत फुटली. त्याच काळात अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला त्यातील ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला. ते पुस्तकात मिळते, मी डोक्यात बाळगत नाही, या आशयाचे उत्तर त्याने दिले. एडिसनच्या कारखान्यात त्याचा निभाव लागला नसता!

१८/
मग संगणक आला. १९४६ च्या एनिॲक या यंत्रावर पहिले प्रोग्रॅम बसवणाऱ्या सहा जणी स्त्रिया होत्या. मागणी वाढली तसे आयबीएमने १९५५ च्या सुमारास प्रोग्रॅमर निवडण्यासाठी अभियोग्यता चाचणी काढली: अंकमालिका, आकृत्यांची साम्ये, गणिती कोडी. प्रशिक्षणातील गुणांशी तिचा मेळ बसे. प्रत्यक्ष कामाशी फारसा नव्हे.

१९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रॅमरांचा अभ्यास केला. त्यांत स्त्रिया केवळ १८६. निष्कर्ष असा की, चांगल्या प्रोग्रॅमरला माणसांत रस नसतो. या स्वभावचित्रावर चाचण्या बेतल्या गेल्या आणि एकलकोंडा पुरुष म्हणजेच प्रोग्रॅमर, ही समजूत दृढ झाली. आधी निवडले ते तसे, मग म्हटले की ते असेच असतात.

१९/
महाराष्ट्रात हे वारे कसे आले? १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक उभा राहिला, १९६८ मध्ये टीसीएस आली, १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. पदवीधर हजारोंनी बाहेर पडू लागले.

राष्ट्रीय महामार्ग ६५ आमच्या गावातून जातो. पश्चिमेला धरला की पुण्याचे हिंजवडी, पूर्वेला धरला की हैदराबादचे हायटेक सिटी. आमच्या पिढीचे भविष्य या एकाच रस्त्याच्या दोन टोकांना आहे.

२०/
कंपन्यांची अडचण खोटी नाही. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. त्यांत फुगवलेलेही असतात. कुठेतरी चाळणी लावावीच लागते. पण चाळण्या कोणत्या? दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे ६० टक्के. शिक्षणात खंड नको. दुष्काळाच्या वर्षी ज्याला शेत सांभाळावे लागले, त्याच्या वयाच्या रकान्यात 'खंड' उमटतो आणि नाव यंत्रच गाळते. श्रीपाद ठाकुरांच्या वेळी निदान दाद मागायला न्यायालय होते.

या चाळणीतून पुढे गेलेल्याला कोडी, आणि कोड्यांतून पुढे गेलेल्याला व्हाइटबोर्ड.

२१/
ही साधने काम करतात का? गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये उघड सांगितले की, कोडी विचारणे निव्वळ वेळ घालवणे आहे. त्यातून उमेदवाराविषयी काही कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखे वाटते.

२०१५ मध्ये मॅक्स हॉवेल या प्रोग्रॅमरला त्याच गूगलने नाकारले. त्याने लिहिलेले 'होमब्रू' हे साधन असंख्य अभियंते रोज वापरत होते. तो अडला कुठे, असे त्याने सांगितले? बायनरी ट्री उलटा करण्यावर. हे वाचून माझा भाऊ पहिल्यांदा हसला.

२२/
२०२० चा एक अभ्यास अधिक बोलका आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दिला. काहींनी तो परीक्षकासमोर बोलत बोलत व्हाइटबोर्डावर सोडवायचा, काहींनी खोलीत एकट्याने. कुणीतरी पाहत असताना कामगिरी निम्म्यावर आली. परीक्षकासमोर एकाही मुलीला उत्तर जमले नाही. एकांतात सर्व मुलींना जमले. संख्या लहान आहे, म्हणून जपून बोलावे. तरीही प्रश्न उरतो. आपण कोड तपासतो आहोत की भीती?

२३/
सरकारी भरतीत निदान हा वाद न्यायालयापर्यंत गेला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी एक तृतीयांश गुण तोंडी मुलाखतीला होते आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांची. १९८१ च्या अजय हासिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, असेही सुचवले. २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच बंद केली.

खासगी कंपनीच्या मुलाखतीला अशी कोणतीही मर्यादा नाही. तेथे पाऊण तासच सर्वस्व.

२४/
मग मुलाखती बंद कराव्यात का? इतिहास तसे सांगत नाही. मुलाखत गेली की वशिला परततो. संशोधन सांगते ते साधे आहे: सर्वांना तेच प्रश्न, आधी ठरवलेले निकष आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मोकळ्याढाकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा अशी बांधेसूद मुलाखत आणि कामाचा नमुना यांतून पुढची कामगिरी अधिक ओळखता येते, असे त्यात दिसले.

लोकहितवादींनी १८४९ मध्ये याच दिशेने बोट दाखवले होते. आणि नमुना मागितला तरी परीक्षक कोण हा प्रश्न उरतो, हे फुल्यांनी दाखवून दिले.

२५/
आता तर परीक्षकाच्या जागी यंत्र येत आहे. ॲमेझॉनने अर्ज चाळण्यासाठी एक प्रणाली बनवून पाहिली आणि ती सोडून दिली, ही बातमी २०१८ मध्ये आली. मागील वर्षांचे अर्ज बहुतांश पुरुषांचे. ते वाचून यंत्र स्त्रियांचे अर्ज मागे टाकायला शिकले.

यंत्राने काही वेगळे केले नाही. जुनी दफ्तरे वाचली आणि जुन्यासारखाच निकाल दिला. दफ्तरात फक्त निवडलेल्यांची नावे असतील, तर त्यातून दुसरे काय शिकणार?

२६/
माझ्या मते नोकरभरतीचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. चुकीचा माणूस घेतला तर ती चूक कचेरीत रोज दिसते. योग्य माणूस नाकारला तर ती चूक रात्रीच्या बसने गावी परत जाते. तिची नोंद होत नाही, तिच्यावर बैठक होत नाही. म्हणून चाळणी आपल्याला वर्षानुवर्षे उत्तम वाटत राहते.

आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही अडचण ठाऊक आहे. दफ्तरखान्यात नेमणुकांच्या याद्या सापडतात. परत पाठवलेल्यांच्या सहसा सापडत नाहीत.

२७/
म्हणून दोन विनंत्या. या थ्रेडच्या वाचकांपैकी जे कधी तरी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसतील, त्यांनी उमेदवाराला एक प्रश्न जरूर विचारावा: तुम्ही केलेले एखादे काम दाखवा आणि ते कसे केले ते सांगा. आणि नाकारायचे झाले, तर कारण लिहावे. दोन वाक्ये पुरेत.

जे नाकारले गेले, त्यांनी ते लिहून ठेवावे: तारीख, प्रश्न, उत्तर, आणि काय विचारले गेले नाही ते. फुल्यांनी लिहिले नसते, तर 'तृतीय रत्न' परत आल्याचे कुणाला कळले असते?

२८/
भावाने एक वही केली आहे. पहिल्या पानावर पुण्याच्या मुलाखतीची तारीख आहे, खाली तो झाड उलटे करण्याचा प्रश्न आणि त्याचे उत्तर, जे त्याला परतीच्या बसमध्ये सोलापूर ओलांडल्यावर सुचले. उत्तर बरोबर आहे, असे तो म्हणतो. पुढच्या आठवड्यात तो त्याच महामार्गाने दुसऱ्या दिशेला, हैदराबादला निघाला आहे.

तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी निजामाच्या, संस्थानाच्या वा कंपनी सरकारच्या नोकरीसाठी परीक्षा वा मुलाखत दिली असेल, निवड झालेली असो वा नसो, तर ती हकिकत खाली जरूर लिहा. न मिळालेल्या नोकऱ्यांच्या हकिकती अधिक हव्या आहेत.

(समाप्त)